दहा वर्षं रोज प्रार्थना करूनही राग जात नाही, तर माझी वाढ झाली कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे : "वय ३८. पुण्याजवळच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली. गेली दहा वर्षं पहाटेचं शास्त्रवाचन आणि प्रार्थना चुकवलेली नाही. तरी घरी पोरावर ओरडतो, कधीकधी हातही उगारतो. देह आड येतो. उलट हल्ली स्वतःतले दोष जास्तच दिसायला लागलेत. सासरे म्हणतात, 'तुमचा नवा जन्मच झालेला नाही.' कारखान्यातला मित्र म्हणतो, 'तुमचा धर्म माणसाला जन्मतः पापी म्हणतो, मग सुधारायच्या भानगडीत पडायचंच कशाला?' यांतलं कोण बरोबर?"

भाऊ, सासऱ्यांपासून सुरुवात करतो. मित्राचं बोलणं तुम्हाला खटकलंय, सासऱ्यांचं लागलंय.

मी चौतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, नंतर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या पट्ट्यात. एवढ्या वर्षांत "नवा जन्म झाला का?" हा प्रश्न घराघरांत काठीसारखा वापरलेला पाहिला. सून उलट बोलली, नवा जन्म नाही. मुलगा उपासनेला उशिरा आला, नवा जन्म नाही. विचारणाऱ्याचा झालेला असतो हे अर्थातच गृहीत.

ज्या माणसाला प्रभू येशूने नव्या जन्माचे हे शब्द पहिल्यांदा ऐकवले, त्याचं पुढं काय झालं ते योहानाच्या शुभवर्तमानात सलग वाचून बघा. तिसऱ्या अध्यायात निकदेम हा यहुदी पुढारी रात्री येशूकडे येतो आणि गोंधळतो. 'नवा' साठीच्या मूळ ग्रीक शब्दाला 'पुन्हा' असाही अर्थ आहे आणि 'वरून' असाही. त्याने पहिला धरला, येशूच्या बोलण्याचा रोख दुसऱ्याकडे होता. (आपल्या मराठी कानाला तर 'नवा जन्म' म्हटलं की आधी पुनर्जन्मच ऐकू येतो, ती आणखी एक अडचण.) त्या रात्री निकदेमाने विश्वास धरला असं योहान कुठेच लिहीत नाही. सातव्या अध्यायात तो आपल्या बरोबरच्या पुढाऱ्यांसमोर नियमशास्त्राचा एक मुद्दा काढतो, 'तुम्हीही गालीलातले का?' एवढं ऐकून घेतो आणि गप्प बसतो. मग एकदम एकोणिसावा अध्याय. शिष्य पांगलेत, येशूचं प्रेत उतरवलंय, आणि हा माणूस गंधरस आणि अगरू घेऊन हजर होतो. थोडंथोडकं नाही, शंभर रोमन पौंड, म्हणजे आजचे तीस किलोंहून जास्त. आता सासऱ्यांना विचारा, निकदेमाचा नवा जन्म यांतल्या कोणत्या दिवशी झाला?

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून निघाला त्या इंग्लिश उपदेशक जॉन वेस्लीची तारीख मात्र सगळ्यांना पाठ असते. २४ मे १७३८, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्री पावणेनऊच्या सुमारास त्याचं हृदय विलक्षण ऊबदार झालं. मेथडिस्ट घरांतून ही गोष्ट अजून सांगतात. त्याच वेस्लीने पुढच्या वर्षी, ४ जानेवारी १७३९ला, रोजनिशीत लिहिलंय की मी अजून ख्रिस्ती नाही. हे मात्र कुणी सांगत नाही. सात महिन्यांपूर्वीचा अनुभव खोटा होता का? तसं मला वाटत नाही. स्वतःत जी प्रीती आणि जो आनंद असायला हवा होता तो त्याला सापडेना, आणि ते त्याने लपवलं नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. संस्कृतच्या पंडिता, विचार करून, वाद घालून, एकेक शब्द पारखून ख्रिस्ती झालेल्या. त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर त्यांचं विधवांसाठीचं शारदासदन सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. म्हणजे हे काम उभं करणारी बाईसुद्धा म्हणते की मुख्य गोष्ट त्यानंतर आली. तरी मधली आठ वर्षं वाया गेली असं मला कधी वाटलं नाही. ती नसती तर हा फरक त्यांना कळलाच नसता.

तेव्हा सासऱ्यांशी वाद घालू नका. निकदेम दाखवा आणि विषय बदला.

आता तुमचा मित्र. त्याची तक्रार नवी नाही आणि आपल्याच उपदेशांमुळे ती पसरलीय, हे आधी मान्य करतो. आम्ही पाळक लोक व्यासपीठावर चढलो की बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायापासून बोलायला लागतो. आदाम, हव्वा, फळ, साप. पहिला अध्याय राहूनच जातो. तिथं देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवतो आणि केलेलं सगळं बघून म्हणतो, फार चांगलं. शास्त्रात हे आधी येतं. पाप नंतर शिरतं, म्हणजे ते माणसाच्या घडणीत नव्हतं. 'स्वभावतः पापी' हे शब्द आपण सहज वापरतो, पण नीट बघितलं तर पाप हा स्वभावाला झालेला आजार आहे, आणि आजारी म्हणायचं तर आधी निरोगी शरीर म्हणजे काय ते माहीत असावं लागतं.

प्रतिरूप या शब्दाकडेही जरा बघा. त्या काळी मिसरात (इजिप्तमध्ये) आणि आजूबाजूला देवाची प्रतिमा म्हणजे राजा, प्रजा नव्हे. उत्पत्तीने तो किताब राजवाड्यातून काढून सरसकट माणसाला देऊन टाकला, पुरुषाला आणि स्त्रीला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं टाकलं आणि पुढं जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून लोक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले. ज्यांची सावलीसुद्धा गावाला नको होती त्यांना कुणीतरी सांगत होतं की तू देवाचं प्रतिरूप आहेस. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांना स्वतःचं पाप काय ते नंतर कळलं असेल. आधी कळलं ते हे. आणि हेही कबूल करायला हवं की मंडळीत येऊनही लग्नं जमवताना जात विचारणं आपण सोडलेलं नाही. ते का सुटत नाही, याचंही उत्तर पापाच्या शिकवणीतच आहे.

'पाप' या शब्दाची मराठीत एक अडचण आहे. आपल्याकडे पापाची जोडी पुण्याशी. डोक्यात एक वही असते, डावीकडे पाप, उजवीकडे पुण्य, शेवटी बेरीज-वजाबाकी. ख्रिस्ती माणूसही हीच वही बाळगतो, फक्त उजवीकडे 'दशांश दिला, उपास केला' असं लिहितो. प्रेषित पौल आपल्या पत्रांत एके ठिकाणी पापाच्या समोर पुण्य ठेवत नाही, विश्वास ठेवतो. म्हणजे मामला नात्याचा आहे. धर्मसुधारक ल्यूथरने पौलाचं रोमकरांस पत्र शिकवताना पापी माणसाचं वर्णन 'स्वतःवरच वाकलेला' असं केलंय. मला त्यावरून अंगठ्याचं नख आठवतं. ते कडेने आत वळून मांसात रुतलं की बूट घालवत नाही. नखाची जात वाईट नसते, ते वाढत असतं हेही बरोबरच. फक्त वाढतंय आतल्या दिशेने. आणि उपटून टाकलं तरी तिथून पुन्हा तसंच येतं, दिशा बदलली नाही तर.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनची नासपतीची चोरी वाचली तर हे लगेच उमगेल. सोळा वर्षांचा असताना दोस्तांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळं पाडली. भूक नव्हती, घरी याहून चांगली होती, शेवटी डुकरांपुढे टाकली. चाळिशी ओलांडलेला, बिशप झालेला माणूस त्या फळांवर पानंच्या पानं लिहितो. लोकांना ते हास्यास्पद वाटतं. मला वाटत नाही. फळाची हाव त्याला समजू शकली असती. इथं तर त्याला फक्त चोरीच आवडली होती, आणि एकटा असतो तर केली नसती, हेही त्याला डाचतं.

याच ऑगस्टीनमुळे एक गुंताही झाला. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन त्याच्या लॅटिन प्रतीत 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' असं वाचलं जाई, म्हणजे आदामात आपण सगळे दोषी. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'सर्वांनी पाप केल्यामुळे' असा होतो, आणि आपल्या मराठी शास्त्रातही तसंच आहे. पूर्वेकडच्या मंडळ्या, म्हणजे ग्रीक, सिरियन, केरळातले ऑर्थोडॉक्स, असं धरतात की आदामाकडून आपल्याकडे मरण आणि बिघाड आला, गुन्हा नाही. पश्चिमेने गुन्ह्यावर भर दिला. मी प्रॉटेस्टंट आहे, ऑगस्टीनच्याच वाड्यात वाढलोय, पण या एका बाबतीत मला पूर्वेकडचं म्हणणं जास्त पटतं. पाळण्यातल्या पोराला गुन्हेगार म्हणताना माझी जीभ कधी वळली नाही. ते बिघडलेल्या घरात जन्मलंय, एवढं मात्र कुणालाही दिसतं.

कॅल्विनवाद्यांचा, म्हणजे सुधारक कॅल्विनच्या अनुयायांचा, 'संपूर्ण भ्रष्टता' हा शब्द मित्राच्या कानावर गेला असेल तर तोही समजावून सांगा. माणूस होईल तितका वाईट आहे, असा त्याचा अर्थ नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की ते रश्शात जातं आणि बटाट्यातही जातं. बटाटा बटाटाच राहतो, पण खारटपणा न लागलेली फोड निवडून काढता येत नाही. बुद्धी, भावना, इच्छा, अगदी आपली प्रार्थनासुद्धा, यांपैकी काहीच अस्पर्श नाही, एवढंच त्यांना म्हणायचंय.

मित्र वारकरी घरातला असेल तर त्याला तुकोबा वेगळे सांगायला नकोत. तुकोबा स्वतःला पतित म्हणतात आणि पांडुरंगाला पतितपावन. त्यांनी काही सुधारायचं सोडून दिलं नव्हतं. नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, ते उगाच नाही. वेदान्ती मित्राशी मात्र इथं खरा फरक आहे आणि तो झाकू नये. त्याच्या दृष्टीने आत्मा मूळचा शुद्धच, वरचं अज्ञान गेलं की झालं. आपल्या दृष्टीने माणूस निर्माण केलेला आहे, मातीचा आणि श्वासाचा, आणि तारण व्हायचं ते या दोन्हींचं.

मातीचं म्हणालो, त्यावरून तुमच्या रागाकडे येतो. तुम्ही लिहिलंय की 'देह आड येतो'. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली देहाच्या कर्मांची यादी काढा आणि पेन्सिलीने खुणा करा. वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, हेवा. निम्म्याहून अधिक गोष्टींचा शरीराशी काही संबंध नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये इस्त्रीचे कपडे घालून बसलेली माणसंही त्या करतात. पौलाचा 'देह' म्हणजे स्वतःभोवती फिरणारं सगळं जगणं. हाडामांसाचं शरीर बिचारं बहुतेक वेळा फक्त थकलेलं असतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. देव बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

आमच्या गुरुवारच्या पुरुषांच्या बैठकीत एक ट्रकचालक यायचा. त्याचीही तुमच्यासारखीच तक्रार. मी त्याला महिनाभर फक्त एक काम दिलं. रात्री झोपताना दहा मिनिटं बसायचं आणि दिवस मागून पुढं बघायचा. ही रीत जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या शिष्यांची. मी ती पुण्यातल्या एका जेझुइट फादरांकडून शिकलो. आधी आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, नावं घेऊन. मग प्रकाश मागायचा. मग सकाळपासून आत्तापर्यंत कुठं कुठं आत वळलो ते बघायचं, मग क्षमा, मग उद्याचा दिवस. बरेच लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. या चालकाने तीन आठवड्यांनी वहीचं पान दाखवलं. राग बहुतेक संध्याकाळी सहा ते सातमध्ये. दुपारी जेवण चुकलेलं. मालकाचा फोन येऊन गेलेला. तो फोनवर 'हो साहेब' म्हणायचा आणि उरलेलं घरी नेऊन बायकोवर ओतायचा. त्याला कळलं की आपला राग हा अर्धा भिती आहे. मग प्रार्थना बदलली. 'राग काढ' म्हणायचं सोडून तो 'नोकरी जाईल याची भिती वाटते' असं म्हणायला लागला. आणि गाडीत शेंगदाणे-गूळ ठेवायला लागला. हसू नका, ते शेंगदाणेही त्याच्या पवित्रीकरणातच, म्हणजे हळूहळू पवित्र होत जाण्यातच, मोडतात.

तुमच्या दहा वर्षांच्या पहाटेच्या प्रार्थनेत तुम्ही काय बोलता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, चांगलं बोलता. कारखान्यात वरच्या साहेबासमोर बोलतो तसं. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा, त्यात कितीतरी माणसं देवावर ओरडताहेत. शत्रूला शाप देणारं एकशे नववं स्तोत्र तर मंडळीत वाचायला मला संकोच वाटायचा. पण तो राग देवासमोर बोलून झालाय म्हणून शेजाऱ्यावर निघाला नसेल, असं मला वाटतं. तुमचा पहाटे निघत नाही, म्हणून तो संध्याकाळपर्यंत थांबतो.

दोष जास्त दिसतात, हे वाईट लक्षण नाही. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसाने लिहिलंय, पेल्यातलं पाणी स्वच्छ वाटतं, ऊन पडलं की त्यात कण तरंगताना दिसतात. कण उन्हाने आणलेले नसतात. पण इथं एक फरक तुम्हाला स्वतःच करावा लागेल. येशूच्या शिष्यांपैकी पेत्राने आणि यहूदाने, दोघांनी एकाच रात्री दगा दिला, दोघांनाही वाईट वाटलं. पेत्र परत आला, यहूदाने जीव दिला. पौल करिंथकरांना दोन दुःखं सांगतो, एक देवाकडे फिरवणारं आणि दुसरं मरणाकडे नेणारं. माझी साधी पारख अशी : वाईट वाटल्यावर तुमचे पाय ज्याला दुखावलं त्याच्याकडे वळतात की तुम्ही खोलीचं दार लावून घेता? दार लावत असाल, झोप उडाली असेल, 'मी नकोच' असले विचार येत असतील, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. मी स्वतः काही जणांना बरोबर घेऊन गेलोय.

'पश्चात्ताप' या आपल्या शब्दाचाही दोष आहे थोडा. त्यात नंतरचा ताप आहे, फिरणं नाही. इब्री संदेष्ट्यांचा शब्द सरळ 'मागे फिर' असा आहे. तापणं आपल्याला छान जमतं.

मला जमायचं, म्हणून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गावात प्रभुभोजनाच्या वेळी आठ-नऊ वर्षांच्या पोराचा धक्का लागून लहान पेल्यांचा ट्रे कलंडला. पांढऱ्या कापडावर द्राक्षरस. मी सगळ्यांसमोर त्याला असा झाडला की बाया मान खाली घालून बसल्या. त्या रात्री मी गुडघ्यावर बसून खूप रडलो, आणि रडून झाल्यावर मला बरं वाटलं. त्याच्या घरी गेलो नाही. पाळक पोराची माफी कशी मागणार? वर्षाने माझी बदली झाली. सहा-सात वर्षांपूर्वी एसटीत एका कंडक्टरने तिकीट देताना 'जय ख्रिस्त पाळकसाहेब' म्हटलं. तोच. मी तिथंच, सुट्टे पैसे हातात धरून, माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं बोलणं नाही आठवत साहेब. घरी गेल्यावर आईने मारलं ते आठवतं." पुढचा स्टॉप आला, तो घंटी वाजवायला गेला.

त्या आईचं मारणं माझ्या हिशोबात कधी धरलेलंच नव्हतं. मी तेवढी वर्षं माझ्या आणि देवाच्यामध्ये काय झालं एवढंच बघत होतो.

म्हणून हात उगारण्याबद्दल मी तुम्हाला धर्मशास्त्र सांगणार नाही. ते आजपासून बंद. वाढ होईल तेव्हा होईल, मूल तोवर थांबू शकत नाही. राग चढला की खोलीबाहेर जा, बायकोला आधीच सांगून ठेवा की मी उठून गेलो तर थांबवू नको.

आणि एकट्याने करू नका. वेस्लीच्या लोकांची वर्गसभा कशी सुरू झाली ते मोठं गमतीचं आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि एकेका माणसाने अकरा-अकरा घरांत फिरून ती गोळा करायची. गोळा करणारे परत येऊन सांगायला लागले, अमका दारू पितो, तमका बायकोशी भांडतो. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. त्यातून बारा जणांची साप्ताहिक बैठक निघाली, जिथं एकमेकांना विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? वर्गणी मागायला दारात उभं राहिल्यावर जे कळलं ते उपदेशातून कळलं नव्हतं. तुमच्या मंडळीत असा गट नसेल तर दोघंजण शोधा. सासऱ्यांना घेऊ नका, इतक्यात तरी.

कृपा की मेहनत, हा वाद तुम्ही विचारला नाहीत, पण मित्राच्या प्रश्नाच्या मुळाशी तोच आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एका दमात सांगतो : भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. मधला तो 'कारण' महत्त्वाचा. आमच्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) १९७० च्या एकत्रीकरणाने अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट अशा सगळ्यांची नातवंडं एका बाकावर आणून बसवलीत, आणि यावर प्रत्येकाचा आजोबा वेगळं सांगून गेलाय. माझ्या मते हे पुस्तकापेक्षा बागेत लवकर कळतं.

दिंडोरीकडे असताना एका बागायतदाराकडे माझं जाणं-येणं होतं. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ती झाल्यावर बाग बघवत नाही. नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, वर एक पान नाही, खाली ऊन. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणालो, मारलीत की हो बाग. तो म्हणाला, "साहेब, माल आत्ताच धरतो." मग समजावलं. त्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पेरांवरच्या कोंबांत, उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, इतके सूक्ष्म की काडी चिरली तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत पाठवतात, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून सांगतात, कितव्या डोळ्यावर घड आहे, कुठं काप घ्यायचा. ऑक्टोबरची छाटणी घड बनवत नाही, बनलेला बाहेर काढते. लोक घड बघतात फेब्रुवारीत आणि म्हणतात, यंदा खत चांगलं पडलं वाटतं.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात वेल छाटण्याला जो ग्रीक शब्द आहे, त्याच मुळातून पुढच्याच वचनातला 'शुद्ध' हा शब्द आलाय. मराठीत तो सांधा दिसत नाही. बागायतदाराला मी ते सांगितलं तेव्हा त्याला काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, छाटणी म्हणजे साफसफाईच की.

तुमची दहा वर्षं एप्रिलची होती की नुसतीच कोरडी, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. माझ्याकडे तसला सूक्ष्मदर्शक नाही, आणि तुमच्या सासऱ्यांकडेही नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. आज शिफ्ट संपली की आधी काहीतरी खा, गाडी लावून पाच मिनिटं खालीच बसा, मग वर जा आणि पोराची माफी मागा. मंडळीतली भाषा नको, 'प्रभूने मला दाखवलं' वगैरे नको. 'परवा मी तुझ्यावर हात उगारला, ते चुकलं' एवढंच. 'पण तूही' हे शब्द तोंडात येतील, ते गिळा. पोरगं बहुतेक 'बरं' म्हणेल आणि वहीत डोकं घालेल. महिनाभराने मला परत लिहा, आणि रागाचं काय झालं त्याआधी पोराचं काय चाललंय ते लिहा.